अल्दाबाची अठ्ठ्याहत्तर सालची बाटली

१

प्रोफेसर लिंडनरांनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला, आणि तो गिळावा की परत पेल्यात सोडावा हे न कळून तसेच उभे राहिले. समोर आम्ही पंधरा-वीस माणसं टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. शेवटी त्यांनी तो गिळला.

"खारट आहे," ते म्हणाले.

हे घडलं जुलै २००६ मध्ये, म्युनिकजवळच्या गार्चिंगला, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर. फुटबॉलचा वर्ल्डकप नुकताच संपला होता आणि गाड्यांवरचे झेंडे अजून उतरले नव्हते. माझा मुलगा पुष्कर तिथल्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे राहायला आलो होतो. त्याचा ज्युनिअर तनय तासाभरापूर्वी डॉक्टर झाला होता. मित्रांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी चढवली होती आणि तिला कुकरची शिट्टी लटकवली होती. तनय हा प्रोफेसरांचा शेवटचा विद्यार्थी, कारण त्याच महिन्यात ते निवृत्त होणार होते. या दिवसासाठी त्यांनी एक बाटली दोन वर्षं न उघडता ठेवली होती.

बाटलीची कूळकथा नुरियाने सगळ्यांना आधीच सांगितली होती. नुरिया ही प्रयोगशाळेतली स्पॅनिश संशोधक. स्पेनमध्ये दुएरो नदीच्या काठी अल्दाबा नावाचा मोठा द्राक्षमळा आहे, आणि तिथल्या लाल वाइनचंही नाव तेच. दहा-दहा वर्षं ती पिंपात आणि बाटलीत मुरवतात, मगच बाहेर काढतात. साल वाईट गेलं तर त्या सालची वाइन विकतच नाहीत. नुरियाचे वडील तिथे चौतीस वर्षं पिंपं बांधतात. कामगाराला मूल झालं की मळेवाले त्या सालची एक बाटली त्या मुलाच्या नावाने बाजूला ठेवतात आणि तिचं तोंड लाल मेणात बुडवतात. नुरिया अठ्ठ्याहत्तर सालची. स्वतः डॉक्टर झाली तेव्हा तिने आपली बाटली गुरूच्या हाती दिली होती.

प्रोफेसरांनी बूच उलटसुलट करून पाहिलं. त्यांनी पाडलेल्या भोकाशेजारी आणखी एक भोक होतं आणि ते मेणाने बुजवलेलं होतं.

"ही आधी कुणीतरी उघडली आहे," ते म्हणाले.

नुरियाने पेला हुंगला. तिचा चेहरा उतरला. "हे आमचं नाही," एवढंच ती म्हणाली.

मग प्रोफेसरांनी तो पेला माझ्यापुढे केला. "हेर इन्स्पेक्टर," ते जर्मन रिवाजाने 'श्रीयुत' लावून म्हणाले, "हा तर तुमचा विषय."

तो माझाच विषय होता. मी श्यामकांत, राज्य उत्पादन शुल्क खात्याचा निवृत्त निरीक्षक. नाशिककडे लोक त्याला अजून दारूबंदी खातंच म्हणतात. तीस वर्षांत मी थेंबभर घेतली नाही, पण हुंगली मात्र पुष्कळ. हातभट्टी, देशी, परदेशी लेबल लावलेली देशी, सगळी नुसत्या वासावर सांगत असे. खात्यात माझ्या नाकाला मान होता, आणि तो मिरवायला मला आवडायचं.

मी पेला नाकाशी नेला. दुसऱ्यांदा न्यायची गरज पडली नाही.

ते कोकम होतं. मीठ घातलेलं, कुडाळकडचं, माझ्या घरातलं.

२

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

कोर्टात शपथेवर उभं राहून शेकडो साक्षी दिल्या. खोटी साक्ष ही पहिली. माझे कान तापले आणि मी पेला टेबलावर ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

प्रोफेसर भला माणूस. रागावले नाहीत, पण जर्मन पद्धतीने त्यांनी गोष्ट सरळ केली. "सोमवारी मी अल्दाबाला पत्र लिहितो. त्यांच्या तळघरात कुणी असं करत असेल तर त्यांना कळायला हवं."

"बाटली माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने आणून दिली होती," नुरिया म्हणाली. "ते आधी त्यांनाच विचारतील. डिसेंबरमध्ये ते निवृत्त होतायत."

"मी त्यांच्यावर आळ घेत नाही."

"तुम्ही नाही घेत," ती म्हणाली.

मी त्या न पाहिलेल्या माणसाचा विचार करत होतो. चौतीस वर्षं पिंपं बांधली, आणि जाताजाता कपाळावर शिक्का, की मुलीची बाटली बापाने पिऊन टाकली आणि आत काहीबाही भरलं. सोमवारपर्यंत मी तोंड उघडलं नाही तर हे होणार होतं. उघडलं तर माझ्या घरातलं कुणीतरी चोर ठरणार होतं, तेही मुलाच्या साहेबापुढे.

जुनी सवय म्हणून मेणाचे तुकडे मी कागदी रुमालात गोळा केले. प्रोफेसरांच्या अंगठ्याला लाल लागलं होतं. ते पुसत होते, पण निघत नव्हतं.

"बाटली होती कुठे इतके दिवस?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माझ्या खोलीत. पण मे महिन्यापासून उन्हाने खोली भट्टी झाली, वर काचेचं छत आहे ना. म्हणून पुष्करने आपल्या केलरमध्ये नेऊन ठेवली. आज सकाळी घेऊन आला."

केलर म्हणजे इमारतीखालचं तळघर. प्रत्येक बिऱ्हाडाला तिथे एक कुलपाची खोली असते. मी पुष्करकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

३

घरी सुरेखा वाट बघत होती. गुडघ्यांमुळे माझी बायको समारंभाला आली नव्हती. "प्रोफेसरांची ठेवणीतली बाटली खराब निघाली," मी चपला काढताना म्हणालो.

"कुठली बाटली?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

सुरेखाबद्दल एक सांगायला हवं. ती तोंडाने भांडत नाही, ताटातून भांडते. एकदा मी तिचा साठावा वाढदिवस विसरलो, तर तीन दिवस बिनफोडणीची मुगाची खिचडी. चौथ्या दिवशी मला तारीख आठवली आणि पाचव्या दिवशी भाजीत मीठ आलं. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि आम्ही त्यावर हसतो.

जेवणानंतर पुष्करला मी बाल्कनीत बोलावलं. तो आला आणि नेहमीसारखा हातभर अंतरावर, मान जराशी बाजूला वळवून उभा राहिला. माझ्याशी तो कायम असाच बोलतो. मोठ्यांचा मान ठेवणारा मुलगा, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगत आलोय.

"बाटली आपल्याकडे होती हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही यायच्या आधीच ठेवली होती, बाबा. खाली, सूटकेसमागे. टॉवेलात गुंडाळून."

"लपवून."

त्याने बाल्कनीचा कठडा धरला. मग म्हणाला, "हो. लपवून."

"उघडलीस?"

"नाही." तेव्हा मात्र त्याने क्षणभर माझ्याकडे सरळ पाहिलं. "नुरियाची जन्माची बाटली होती ती. मी कशी उघडीन?"

त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. पण खात्यात असताना ज्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटे त्याची झडती मी दोनदा घेत असे.

४

शनिवारी सकाळी अश्लेषा कपड्यांच्या घड्या घालत होती. माझी सून मोकळ्या स्वभावाची आहे, विचारलं की सांगते.

"केलरची किल्ली दाराशी खिळ्याला असते, बाबा. आम्ही दोघं, तुम्ही, आई. आणि तनय. त्याने खोली सोडल्यापासून त्याची खोकी खालीच आहेत ना. आल्झो, म्हणजे कुणीही जाऊ शकतं."

"कोकमाचं आगळ कुठे असतं?"

"खालीच. आईंनी तीन बाटल्या आणल्या होत्या. एक संपली, दुसरी फ्रिजमध्ये होती, आणि तिसरी खाली भरलेली आहे. कालच बघितली मी." मग ती थांबली. "का हो?"

"काही नाही. सहज."

"बाबा, तुमचं सहज मला माहितेय," ती म्हणाली आणि हसली. "बाकी घरात आजकाल गोष्टी गायब होतातच. देवापुढे लावायला टीलाइटचं, त्या छोट्या मेणबत्त्यांचं, पाकीट आणलं होतं, त्यातल्या सहा नाहीत. कुंकवाचा करंडा रिकामा. विचारलं तर म्हणे सांडलं."

कोण म्हणे, हे मी विचारलं नाही. तिथेच माझी चूक झाली, किंवा माझ्या मनाने मला वाचवलं.

दुपारी तनय खोकी न्यायला आला. वाइनमधलं त्याला कळतं, अल्दाबाबद्दल त्याने पुस्तकात वाचलं होतं. मला तो हवा होता, खरं सांगतो. तो चोर निघाला असता तर घर वाचलं असतं. असं मनात येतं तेव्हा माणसाला स्वतःची लाज वाटायला हवी. मला वाटली, पण प्रश्न विचारायचे मी थांबलो नाही.

"काका, तुम्हाला काय वाटतं, मी प्यायलो?" तनय शांतपणे म्हणाला. "प्यायलो असतो तर परत वाइनच भरली असती ना? इथे सुपरमार्केटमध्ये दोन-तीन युरोला लाल वाइन मिळते. रविवारी दुकानं बंद असली तरी पेट्रोल पंपावर मिळते. जुनी वाइन बिघडतेही, कुणाला कळलंही नसतं. मिठाचं पाणी कोण भरेल?"

तनय खोकी घेऊन गेला, पण त्याचा प्रश्न माझ्यापाशी राहिला. चोर माल पळवतो तेव्हा जागी तसाच दिसणारा माल ठेवतो. चहात भुसा, तुपात डालडा. पहिल्या घोटात कळेल असं काही कुणी भरत नाही.

म्हणजे ज्याने हे केलं, त्याला ते कळायलाच हवं होतं.

रात्रीच्या आमटीत चिंच होती. आमच्या घरात आमटीला कोकमच लागतं, लग्नापासून. मी विचारलं तर सुरेखा म्हणाली, "आगळ संपलं."

तिसरी बाटली खाली भरलेली होती. मी घास गिळला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

५

रविवारी सकाळी सुरेखा आंघोळीला गेली होती. मी सफरचंद कापायला माझा चाकू शोधला. घडीचा, सहा पात्यांचा, खात्यातला जुना सोबती. जप्त बाटल्यांची बुचं मी त्याच्याच मळसूत्राने काढत असे. हल्ली तो स्वयंपाकघरातच असतो, सुरेखा त्याने आंबे चिरते. पातं उघडताना नख अडकलं आणि शेजारचं मळसूत्र बाहेर आलं.

त्याच्या वेढ्यात काळपट, भुसभुशीत असा कण अडकला होता. निवृत्त झाल्यापासून मी त्या मळसूत्राला हात लावलेला नव्हता. कण हुंगला. जुनं बूच, आणि त्याखाली अगदी पुसट, कोकम नव्हे असं काहीतरी.

मग मी कागदी रुमालातले मेणाचे तुकडे काढले आणि एक तुकडा ओल्या अंगठ्याने चोळला. अंगठा लाल झाला. बाटलीवर लावायचं मेण असा रंग सोडत नाही. रंग सोडतं ते कुंकू. कुणीतरी टीलाइटचं मेण वितळवून त्यात कुंकू कालवलं होतं.

सुरेखाच्या वडिलांचा कुडाळला कोकमाचा छोटा कारखाना होता. आगळाच्या बाटल्यांना बूच मारून, तोंड मेणात बुडवायचं काम ती आणि तिच्या बहिणी करत. हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. संशयितांच्या यादीत मात्र मी तिचं नाव घातलंच नाही, देवघरातले देव कुणी झडतीला काढत नाही तसं.

ती केस पुसत बाहेर आली. टेबलावर चाकू उघडा होता. तिने तो पाहिला, माझा लाल अंगठा पाहिला, आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"प्रोफेसरांची होती ती बाटली," मी म्हणालो.

"शुक्रवारी तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं." ती बराच वेळ टॉवेल पिळत राहिली. "जूनमध्ये आगळ आणायला खाली गेले होते. सूटकेस ओढली तर मागे टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. टॉवेल पुष्करचा, होस्टेलला पाठवताना मी त्यावर नाव शिवलं होतं तो. मला काय वाटणार? त्याचीच आहे, लपवून पितो."

"मग ओतून टाकायची होतीस. कोकम कशाला?"

"त्याला सांगायला," ती म्हणाली. "एक घोट घेतला असता तर त्याला समजलं असतं, आईला माहीत आहे. तेवढंच. त्याने कुणाला सांगितलं नसतं, मीही बोलले नसते. आणि तुमच्या कानावर काही गेलं नसतं."

पत्ता चुकलेलं पत्र होतं ते. बाटलीतून पाठवलेलं, लेकाला लिहिलेलं, आणि वाचलं परक्या माणसाने, सगळ्यांदेखत.

"तोंडाने बोलायचं होतंस ना त्याच्याशी," मी म्हणालो.

सुरेखाने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"अहो, घरात तोंडाने बोललेलं तुमच्यापर्यंत येतंच. शिरीषच्या लग्नात काय केलंत आठवतंय? पुष्कर वीस वर्षांचा. मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर त्याची हनुवटी धरलीत आणि म्हणालात, हा कर."

हा कर. ते आमच्या खात्यातलं वाक्य. संशयिताने तोंड उघडून श्वास सोडायचा आणि आपण हुंगायचं. माझ्या पुतण्याच्या लग्नात मी ते पोटच्या मुलाला म्हणालो होतो. वास बिअरचा होता, एखाद्या ग्लासाचा. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा जाहीर केला आणि वर माझ्या नाकाचं कौतुक करून घेतलं.

"इथे सुनेसमोर पुन्हा तसं नको होतं मला," सुरेखा म्हणाली.

हातभर अंतर. जराशी वळवलेली मान. सतरा वर्षं ज्याला मी मान म्हणत होतो तो मान नव्हता. माझा मुलगा आपला श्वास माझ्यापासून लांब ठेवत होता.

मी सफरचंद तसंच ठेवलं. मला एकच प्रश्न सुचला. "त्या वाइनचं काय केलंस?"

"मागच्या गुलाबाच्या मुळाशी ओतली. तुम्हाला म्हणून सांगते, वास वाईट नव्हता हो. माहेरी लाकडाच्या पेटीत मनुका ठेवायचे, ती पेटी उघडल्यासारखा होता."

६

सोमवारी सकाळी आम्ही दोघं विद्यापीठात गेलो. "मी एकटा जातो, सांगतो की मीच केलं," असं मी म्हटलं होतं. सुरेखाने ऐकलं नाही. गुडघे दुखत असताना ती बसच्या पायऱ्या चढली. हातात आगळाची तिसरी बाटली होती. पुष्करला काहीच कळेना, पण तो बरोबर आला.

प्रोफेसरांच्या टेबलावर पत्र टाइप होऊन पडलं होतं, सही राहिली होती. त्यांनी नुरियालाही बोलावून घेतलं. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. टॉवेल, कोकम, मेण, कुंकू, माझा चाकू. शुक्रवारी मला वासावरून कळलं होतं आणि मी खोटं बोललो, हेही सांगितलं. सांगताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. नाशिकच्या कोर्टात माझ्यासमोर माणसं अशीच उभी राहत, आणि मला वाटे, बघा कसे मान खाली घालून उभे आहेत.

प्रोफेसर सगळं नीट ऐकत होते. मग त्यांनी अगदी मनापासून न समजून विचारलं, "पण तुमच्या पत्नीने मुलाला नुसतं विचारलं का नाही, की ही बाटली कुणाची?"

सुरेखाला इतकं इंग्रजी कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं, उत्तर मी द्यावं म्हणून.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

त्यांनी पत्र दुमडून ड्रॉवरमध्ये टाकलं. फाडलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

नुरिया इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. मी तिची माफी मागितली. तिच्या वडिलांवर तीन दिवस संशय राहू दिला, त्याबद्दल आधी, आणि बाटलीबद्दल नंतर. बाटलीची भरपाई कशी करणार? अठ्ठ्याहत्तर साल पुन्हा येत नाही.

"वडिलांना मी अजून काही कळवलं नव्हतं," ती म्हणाली. मग सुरेखाकडे वळून तिने हळूच विचारलं, "उघडल्यावर वास कसा होता?"

मी लाकडाच्या पेटीतल्या मनुकांचं सांगितलं. नुरियाने ते ऐकलं, मान हलवली आणि डोळे पुसले. "पेटी ना," ती म्हणाली. "बाबांना सांगेन. पिंपं त्यांचीच होती." सुरेखाने पुढे केलेली आगळाची बाटली तिने दोन्ही हातांनी घेतली. तिने घेतली नसती तरी मी तिला दोष दिला नसता.

बसस्टॉपवर ऊन होतं. समोर यू-बान या भुयारी रेल्वेचं खोदकाम चाललं होतं, धूळ उडत होती. सुरेखा बाकावर बसली. पुष्कर माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला, मान वळवून.

"पुष्कर," मी म्हणालो, "शिरीषच्या लग्नात मी जे केलं ते वाईट केलं. लाज तुला वाटायला लावली, ती माझी होती."

बस दिसेपर्यंत तो खोदकामाकडे बघत राहिला. मग एक पाऊल पुढे आला, इतका जवळ की त्याने सकाळी घेतलेल्या कॉफीचा वास मला आला, आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, इकडे बघून सांगा ना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तोंड फिरवून मी बोलत होतो.